सहा डोंगरांची यादी आणि हातात चार दिवस

(बर्फावरच्या सहलींविषयी वाचकांचे प्रश्न आणि आमच्या स्तंभलेखिकेची उत्तरं)

प्रश्न : ताई, नमस्कार. फेब्रुवारीत आम्ही चौघं मित्रमंडळी स्कीइंगसाठी अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला जमतोय. गुरुवारी संध्याकाळी पोहोचणार, सोमवारी रात्री उशिरा परतीचं विमान. म्हणजे हातात पुरते चार दिवस. आमच्यातला एक जण दहा वर्षं स्की करतो, त्याला कुठलाही उतार चालतो. मी आणि एक मैत्रीण मध्यम. निळ्या रनवरून (मध्यम उतारावरून) नीट उतरतो, काळ्यावर (अवघड उतारावर) पाय लटपटतात. ती स्नोबोर्डवाली आहे. चौथ्याने आयुष्यात कधी स्की पायात घातलेली नाही. आम्ही केलेली यादी अशी : अल्टा, स्नोबर्ड, ब्रायटन, सॉलिट्यूड, पार्क सिटी, डिअर व्हॅली. नकाशावर सगळी एकमेकांना चिकटून दिसतात. सकाळी एक, दुपारी एक असं करून सहाही बसतील का?

उत्तर : बसवायचीच ठरवलीत तर बसतील. पण मग परत आल्यावर तुम्ही मला सहा पार्किंगची वर्णनं लिहून पाठवाल. हे मी पैजेवर सांगते, कारण बेचाळिसाव्या वर्षी स्की शिकले आणि दुसऱ्याच हिवाळ्यात मी हेच करून बसले. चार दिवस, चार रिसॉर्ट. रोज नवं पार्किंग, नवी तिकीटखिडकी, नवा नकाशा. लॉकर कुठे, स्वच्छतागृह कुठे, चुकामूक झाली तर भेटायचं कुठे. लिफ्ट साधारण नऊला सुरू होतात, चारला बंद. त्यातला पहिला दीड तास रोज या शोधाशोधीत जायचा आणि नेमका तोच बर्फ सगळ्यात चांगला असण्याचा वेळ. चौथ्या दिवशी चेअरलिफ्टवर शेजारी बसलेल्या बाईंनी सहज विचारलं, "इथला कुठला रन आवडला?" मला एकाचंही नाव सांगता येईना.

तेव्हा यादी कापू या. माझी पद्धत उलटी आहे. कुठे जायचं हे मी आधी विचारत नाही. कोणाला कुठे जाताच येणार नाही, तिथून सुरुवात करते. अल्टा आणि डिअर व्हॅली या दोन्ही ठिकाणी स्नोबोर्डला मनाई आहे. तुमची मैत्रीण बोर्डवाली, म्हणजे सहातली दोन एका मिनिटात गेली. तरबेज मित्र हळहळेल, कारण अल्टाला वर्षाला सरासरी ५०० इंचांहून जास्त बर्फ पडतो आणि १९३९ पासून लिफ्ट चालू असलेला हा जुना, मुरलेला डोंगर आहे. त्याची समजूत काढायला एक वाट आहे, ती खाली सोमवारच्या बेतात सांगते.

आता पार्क सिटी. तुम्ही म्हणता नकाशावर सगळं चिकटून दिसतं. ब्रायटन आणि पार्क सिटी यांच्यात खरोखरच एकच धार आहे आणि त्या धारेवरून एक रस्ताही जातो, गार्ड्समन पास. उन्हाळ्यात. हिवाळ्यात तो बंद असतो. मग ब्रायटनहून पार्क सिटीला जायचं म्हणजे सगळा घाट उतरून शहराच्या कडेला यायचं, महामार्ग ८० धरायचा आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा चढायचं. बोटभर अंतरासाठी तासाभराचा वळसा. सकाळी एक, दुपारी एक हा बेत तिथेच कोसळतो. बर्फाळ डोंगरांचा नकाशा बघताना दोन ठिकाणांमधलं अंतर कधीही मोजू नका, मधला रस्ता जानेवारीत उघडा असतो का ते विचारा.

दुसरं कारण पैशांचं. एकाच पासवर अनेक रिसॉर्ट चालतात, पण तुमच्या यादीतली बाकीची ठिकाणं सध्या आयकॉन नावाच्या पासवर आहेत, पार्क सिटी एपिक नावाच्या दुसऱ्या पासवर. एका दिवसासाठी वेगळं तिकीट काढायचं, तेही गर्दीच्या दिवशी खिडकीवर, तर माणशी २०० डॉलरच्या पुढे जातं. (तिकीट कुठलंही असो, आठवडे आधी ऑनलाइन काढा. खिडकी ही उशीर करणाऱ्यांच्या दंडाची जागा आहे.) आणि पार्क सिटीचा जो मोठेपणा सांगतात, २०१५ साली शेजारचं कॅन्यन्स रिसॉर्ट जोडल्यापासून ७,३०० एकर, तो चार दिवसांच्या पाहुण्याच्या काय कामाचा? तुम्ही त्यातले दोनशे एकर बघाल आणि संध्याकाळी गाडी लावलेल्या टोकाला परत कसं जायचं याची काळजी करत बसाल. आठवडाभर तिथेच राहणार असाल तर गोष्ट वेगळी. मग मीच म्हणेन, बाकी सगळं सोडा आणि तिथे जा.

उरली तीन : ब्रायटन, सॉलिट्यूड, स्नोबर्ड. पहिली दोन बिग कॉटनवुड कॅन्यनमध्ये, एकमेकांपासून गाडीने पाच-दहा मिनिटांवर. स्नोबर्ड शेजारच्या लिटल कॉटनवुड कॅन्यनमध्ये. या दोन्ही कॅन्यनचे घाट शहराच्या पूर्व कडेला सुरू होतात. म्हणून राहायला वर रिसॉर्टमध्येही नको आणि शहराच्या मध्यातही नको. दोन घाटांच्या तोंडाशी जी उपनगरं आहेत, सँडी किंवा कॉटनवुड हाइट्स, तिथलं साधं हॉटेल घ्या. कुठला घाट उघडा आहे, कुठे गर्दी आहे हे बघून सकाळी बेत फिरवता येतो. शिवाय रात्री झोपायला खाली, दिवसा खेळायला वर, हे फुप्फुसांनाही मानवतं. साधारण २,५०० मीटरच्या वर झोपलं की डोकेदुखी, मळमळ, झोपमोड हे पाहुणे येतात. शहर त्याच्या निम्म्या उंचीवर आहे. चार दिवसांतला एक डोकेदुखीत गेला तर पाव सहल गेली.

लिटल कॉटनवुडचा रस्ता मात्र लहरी आहे. दोन्ही बाजूंना उभे कडे, त्यांवरून हिमकडे कोसळण्याच्या डझनावारी वाटा. रात्री मोठा बर्फ पडला की पहाटे रस्ता बंद करून स्फोटांनी सैल बर्फ मुद्दाम पाडतात आणि मग रस्ता साफ करतात. वर मुक्कामाला असलेल्यांना त्या वेळात इमारतीबाहेर पाऊलही टाकू देत नाहीत. खाली काय होतं ते मी पाहिलंय : पहाटे सहा, काळोख, घाटाच्या तोंडापासून मागे दोन मैल गाड्यांचे लाल दिवे, काचेवर वायपरचा कुरकुर आवाज आणि प्रत्येक गाडीत तेच वाक्य, "आता उघडेल." आम्ही अडीच तास तिथे बसलो. शेवटी वळून बिग कॉटनवुडला गेलो आणि दिवस छान गेला. तोच निर्णय अडीच तास आधी घेतला असता तर! बर्फाच्या दिवशी घाटात बर्फाला योग्य टायर किंवा साखळ्या नसलेली गाडी सोडत नाहीत, फोर-व्हील ड्राइव्ह असली तरी, हेही भाड्याची गाडी ठरवताना पक्कं विचारून घ्या. "एसयूव्ही आहे" या उत्तरावर थांबू नका, टायर कुठले ते विचारा. नाहीतर घाटाच्या पायथ्याहून स्की-बस जाते, ती बरी.

आता दिवस लावू.

शुक्रवारी सगळे ब्रायटनला. अनेक स्थानिक लोक स्की शिकले ते इथेच, त्यामुळे नवख्याकडे कोणी वळून बघत नाही. नवख्याला सकाळच्या शिकवणीला घाला, ती आधीच नोंदवून ठेवा. तरबेज मित्र म्हणेल, "मीच शिकवतो, पैसे कशाला?" त्याला प्रेमाने नाही म्हणा. दहा वर्षं स्की करणाऱ्याला आपण वळतो कसे हे आठवतच नसतं. तो "फक्त असं कर" म्हणतो आणि पुढे निघून जातो. बोर्डवालीसाठीही ब्रायटन उत्तम.

शनिवारी पुन्हा ब्रायटन. हो, पुन्हा. तुमच्या भुवया वर गेलेल्या मला इथून दिसतायत. पण दुसऱ्या दिवशी त्याच डोंगरावर गेलात की काहीही शोधावं लागत नाही. काल ज्या वळणावर घाबरलात ते आज कसं घ्यायचं हे रात्री झोपेत पायांनी ठरवलेलं असतं. नवख्याची खरी प्रगती याच दिवशी होते. त्याला नवा डोंगर दिलात तर तो पुन्हा शून्यावर. शिवाय शनिवार हा गर्दीचा वार. गर्दीत माहितीची जागा बरी. पार्किंगचं आरक्षण लागतं का ते मात्र आदल्या आठवड्यात बघा; आता या दोन्ही घाटांत सुट्टीच्या दिवशी नुसतं जाऊन गाडी लावता येईल असं धरून चालू नका.

रविवारी सॉलिट्यूड. मूनबीम नावाच्या लिफ्टखाली सौम्य उतार आहेत, तिथे नवखा आपला आपण फिरेल. तुम्ही दोघी-दोघं निळ्या रनवर. आणि तरबेज मित्राला हनीकोंब कॅन्यन दाखवा, दुपारपर्यंत तो तुम्हाला सापडणार नाही.

सोमवारी स्नोबर्ड. मुद्दाम शेवटी आणि मुद्दाम सोमवारी, कारण तिथली १९७१ पासूनची ट्रॅम (म्हणजे मोठी केबल कार) शनिवार-रविवारी लांबच लांब रांग लावते. एका डब्यात सव्वाशे माणसं, खांद्याला खांदा, सगळ्यांच्या स्की आणि बोर्ड उभे धरलेले, काचेवर श्वासाची वाफ. आणि दहाएक मिनिटांत तुम्ही हिडन पीकवर, ११,००० फुटांवर. दार उघडताच जो वारा तोंडावर येतो त्याने डब्यातल्या गप्पा एका क्षणात थांबतात. इथून खाली चिप्स रन नावाचा निळा रन आहे, अडीच मैल. दोन्ही मध्यमांनी तो घ्यावा. घाई नको, वाटेत तीनदा थांबलात तरी चालेल. स्नोबर्ड एकूण अवघड डोंगर आहे, तिथला निळा हा दुसरीकडच्या निळ्यापेक्षा जरा गडद असतो, पण तीन दिवस पाय मोकळे झाल्यावर जमेल. तरबेज मित्राची अल्टाची हौस इथे फिटते : दोन्ही डोंगरांचं जोडतिकीट किंवा पास असेल तर धारेवरच्या फाटकातून पलीकडे अल्टात उतरता येतं. बोर्ड त्या फाटकातून जात नाही. नवखा दमला असेल तर त्याला स्कीशिवाय नुसती ट्रॅमची सफर करू द्या, वर बसायला उबदार जागा आहे आणि खाली ट्रॅमनेच येता येतं. दुपारी तीनला आवरा. विमानतळ फार लांब नाही, पण ओले बूट बॅगेत भरायला नेहमी वाटतं त्याच्या दुप्पट वेळ लागतो.

रविवारी रात्री मोठा बर्फ पडला तर? मग सोमवारी सॉलिट्यूड आणि स्नोबर्ड राहिलं. राहू द्या.

एक गोष्ट यादीत नव्हती, पण सहल तिच्यावरच उभी असते. भाड्याचे बूट. ते डोंगरावर सकाळी नऊला घेऊ नका. गुरुवारी संध्याकाळीच पायथ्याच्या दुकानातून चारही दिवसांसाठी घ्या. माझ्या त्या चार रिसॉर्टच्या सहलीत मी रोज वरच बूट घेत होते. तिसऱ्या दिवशी एका दुकानातल्या पोराने रांग बघून घाईत एक साइज मोठा दिला. "जाड मोजे घाला," म्हणाला. मी दोन जोड घातले. दुपारपर्यंत मोजे आत गोळा होऊन नडगीवर असा वळ उठला की पुढचे सहा महिने खूण होती. बूट कसा बघायचा : एकच पातळ मोजा, पँटची कड बुटात अजिबात नको. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत. गुडघे वाकवून नडगी पुढे रेटली की तीच बोटं मागे सरकून मोकळी व्हायला हवीत. टाच उचलून बघा, ती उचलली जाता कामा नये. पाच मिनिटं घालून दुकानात फेऱ्या मारा, रांग वाढू दे. आणि वजन विचारतील तेव्हा खरं सांगा. पडल्यावर स्की बुटापासून किती जोरात सुटावी हे त्या आकड्यावर, उंचीवर, वयावर, बुटाच्या तळव्याच्या लांबीवर आणि तुम्ही किती जोरात स्की करता यावर ठरवतात. तिथे पाच-सात किलो लपवले की स्की नको तेव्हा सुटते. आणि "मी चांगली स्की करते" अशी फुशारकी मारली की सुटायला हवी तेव्हा सुटत नाही, गुडघा पिळवटतो. चौघांनी एकमेकांकडे पाठ करून सांगा हवं तर.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको मार्चमध्ये स्वित्झर्लंडमध्ये झरमॅटला दोन दिवस स्की करणार आहोत. लाल रन (युरोपातले मध्यम उतार) जमतात. एकाच दिवसात इटलीत चेर्विनियाला उतरून परत येता येतं असं ऐकलं. करावं का?

उत्तर : हवा स्वच्छ असेल तर जरूर करावं. पण पहिल्या दिवशी, म्हणजे वारा सुटला तर दुसरा दिवस शिल्लक राहतो. जिथून पलीकडे उतरतात ते क्लाइन मॅटरहॉर्न ३,८८३ मीटरवर आहे आणि एवढ्या उंचीवर वाऱ्याने लिफ्ट बंद पडणं ही रोजचीच गोष्ट. दोन्ही देशांत चालणारा पास घ्या, साधा झरमॅटचा पास पलीकडे चालत नाही. ओळखपत्र खिशात. इटलीकडची बाजू उन्हाची आणि उतार सौम्य, तुम्हाला लाल रनची सवय असेल तर तिथे फार सुख वाटेल. आणि तिथेच लोक फसतात. ऊन लागतं, निवांत बसणं होतं आणि घड्याळ विसरतं. परतीच्या शेवटच्या लिफ्टची वेळ सकाळी फलकावर बघून हातावर लिहून घ्या. आणि ती लिफ्ट एकच नसते, वर पोहोचायला दोन-तीन लागोपाठ लागतात, तेव्हा त्या वेळेच्या तासभर आधीच निघा. चुकलात तर झरमॅट डोंगराच्या पलीकडे आणि तुम्ही टॅक्सीत, सगळ्या आल्प्सला वळसा घालत, रात्री कधीतरी पोहोचणार. त्यातही झरमॅटमध्ये गाड्यांना बंदी, म्हणून शेवटचा टप्पा टॅशहून आगगाडीने.

तुम्हा दोघांपैकी एकाला त्या दिवशी स्की नकोशी झाली तर २०२३ पासून पलीकडे केबल कारनेही जाता येतं, पायी चालणाऱ्यांसाठीसुद्धा. इटलीत भेटा.

प्रश्न : सासूबाई ६८ वर्षांच्या, स्की करणार नाहीत, पण आमच्यासोबत येणार. फ्रान्समधलं शामोनी की झरमॅट? त्यांना हॉटेलात बसवून ठेवायला मन होत नाही.

उत्तर : झरमॅट. तिथे १८९८ पासून चालणारी गोर्नरग्राटची दातेरी रुळांची गाडी आहे. अर्ध्या तासात ३,०८९ मीटरवर, खिडकीत बसून, समोर मॅटरहॉर्न. तुम्ही वाटेतल्या स्टेशनावर स्की घेऊन उतरता, त्या माथ्यापर्यंत जातात, दुपारी एकत्र. शामोनीला लोक आधी एग्वी द्यू मिदी शिखराची केबल कार सांगतील. दृश्य अफाट आहे यात वाद नाही, पण वीस मिनिटांत हजारावरून ३,८४२ मीटरवर नेऊन सोडतात. दम, हृदय, रक्तदाब यांतलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. शामोनीलाच जायचं झालं तर त्यांच्यासाठी मॉन्तेन्व्हेरची लाल गाडी आहे, १,९१३ मीटरपर्यंतच जाते.

शामोनीची दुसरी अडचण तुमच्यासाठी. ते एक रिसॉर्ट नाही. ब्रेव्हाँ-फ्लेजेर, ग्राँ मोंते, ल तूर, ले झूश असे वेगवेगळे डोंगर एका दरीत विखुरलेत आणि मध्ये बस. दोन-तीन दिवसांच्या सहलीत रोज बसचं वेळापत्रक बघायचं तर सासूबाईंची आणि तुमची भेट फक्त रात्री होईल.

प्रश्न : इटलीतल्या डोलोमाइट्स डोंगरांत तीन दिवस आहोत. सेला रोंदा एका दिवसात होते का? आम्ही निळे-लाल रन (युरोपातले सोपे-मध्यम) करतो.

उत्तर : होते. चार खिंडी ओलांडून सेला पर्वताला पूर्ण फेरी, लिफ्ट धरून चाळीसेक किलोमीटर. बहुतेक वाट निळी-लालच आहे. घड्याळाच्या दिशेने नारिंगी खुणा, उलट दिशेने हिरव्या. एकदा धरलेला रंग सोडायचा नाही. दहाच्या आत निघा आणि साडेतीनला शेवटच्या खिंडीवर असा, नाहीतर लिफ्ट बंद आणि घरी जायला टॅक्सी. रविवार टाळा. तीन दिवसांतला मधला दिवस याला द्या; पहिल्या दिवशी पाय नवे असतात, तिसऱ्या दिवशी जुने.